हिरव्या चपलांची खोली

मॅडमच्या लॅबमध्ये नवीन माणूस आला की त्याला आधी चपला दाखवल्या जात. यंत्रं नंतर, फ्रीजर नंतर. कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन दारं होती आणि प्रत्येक दाराबाहेर एक लाकडी रॅक. एका रॅकवर हिरव्या रबरी चपला, दुसऱ्यावर लाल. हिरव्या घालून हिरव्या खोलीत जायचं, लाल घालून लाल खोलीत. हिरवी चप्पल चुकून लाल दारापर्यंत गेली तर ती धुवायची नाही, सरळ कचऱ्यात टाकायची.

एकदा विद्यापीठातले कोणी मोठे अधिकारी लॅब बघायला आले. मॅडमनी त्यांना चकचकीत बूट बाहेर काढायला लावले. त्यांच्या मापाची हिरवी चप्पल नव्हती. ते बिचारे अर्ध्या टाचा बाहेर लोंबकळत ठेवून खोलीभर फिरले. मॅडम त्यांना कोआलाच्या रक्ताबद्दल सांगत होत्या, पण नजर सगळा वेळ त्यांच्या टाचांवर होती. ते गेल्यावर मॅडमनी फरशी पुन्हा पुसून घेतली.

आमचं काम कोआलांच्या आजारांचं होतं. कोआला ऑस्ट्रेलियात आणि आम्ही कॅलिफोर्नियात. हे फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या बाबांनी विचारलं होतं, "मग तिथल्या लोकांना तपासता येत नाही का?" येतं. उत्तम येतं. पण काही निर्णय असे असतात की ते घेण्याआधी दुसऱ्या कुणीतरी, लांबच्या माणसानं, तेच नमुने पुन्हा तपासावेत असं त्यांना वाटतं. इथल्या प्राणिसंग्रहालयांतल्या कोआलांसाठी मॅडमनी ही तपासणी फार पूर्वी बसवली होती, म्हणून कोरड्या बर्फातली खोकी समुद्र ओलांडून आमच्याकडे यायची.

त्या खोक्यांत जे आम्ही शोधायचो, त्याला मॅडम 'घरजावई' म्हणायच्या.

"साधा विषाणू पाहुणा असतो," त्या सांगायच्या. "येतो, खातो-पितो, ताप आणतो, जातो. नाहीतर यजमानालाच घेऊन जातो. हा तसा नाही. हा पेशीच्या आत जाऊन तिच्या मूळ मजकुरातच स्वतःला लिहून घेतो. सातबाऱ्यावर नाव लावून घेतलं म्हण. मग आईकडून पिल्लाला, पिल्लाकडून त्याच्या पिल्लाला. काढ बघू आता त्याला!"

मग जरा थांबून म्हणायच्या, "हसू नकोस. तुझ्या-माझ्या अंगातही असे जुने घरजावई आहेत. आता म्हातारे झालेत, एका कोपऱ्यात बसून असतात. कोआलाचा अजून तरुण आहे. धिंगाणा घालतोय."

हा धिंगाणा म्हणजे रक्ताचे कॅन्सर, आणि प्रतिकारशक्ती ढासळली की तिच्या मागून येणारे बाकीचे आजार. त्यातला सगळ्यात वाईट क्लॅमिडिया, नर-मादीच्या संबंधातून पसरणारा. त्यानं कोआलाचे डोळे येतात, चिकटतात, शेवटी जातात. मूत्राशय सडतं. माद्यांना पिल्लं होत नाहीत. औषध आहे, पण त्या औषधानं पोटातले जंतूही मरतात, आणि ते जंतू नसले तर निलगिरीचा विषारी पाला पचत नाही. म्हणजे बरा झालेला कोआला भरल्या पोटानं उपाशी मरू शकतो.

हे सगळं मॅडम कुठेही सांगायच्या. कुठेही म्हणजे खरंच कुठेही. सांता क्लारात एका काकूंकडे पॉटलक होता, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचं जेवण. मी नवीन होते, मॅडमच मला त्यांच्या गाडीतून घेऊन गेल्या होत्या. जेवणं चालली होती. कुणीतरी सहज विचारलं, "काय मग, कसे आहेत तुमचे कोआला?"

"वाईट आहेत," मॅडम म्हणाल्या. "लघवीला जळजळ होते, मागचा भाग सगळा ओला आणि तांबडा होतो. माद्या वांझ होतात."

काकूंच्या हातातला श्रीखंडाचा चमचा तसाच थांबला. "अहो, जेवताय ना सगळे."

"विचारलं म्हणून सांगितलं."

काकूंचा शाळकरी मुलगा फोनमधून मान वर काढून म्हणाला, "वेट, कोआलाज हॅव एसटीडीज? दॅट्स सो ग्रोस."

"ग्रोस काय त्यात?" मॅडम त्याच्याकडे वळल्या. "इन्फेक्शन आहे. तुला सर्दी होते तेव्हा आम्ही म्हणतो का ग्रोस? आणि पिल्लाला कशानं होतं माहितीये? आई त्याला स्वतःची पातळ शी खायला घालते. त्यातूनच त्याला पाला पचवणारे जंतू मिळतात. आणि कधीकधी त्यातूनच आजार. काय करेल ती? न घालावं तर पिल्लू मरेल."

"मॅडम, प्लीज," काकू म्हणाल्या.

त्या पॉटलकला श्रीखंड बरंच उरलं. परत येताना मॅडम गाडीत म्हणाल्या, "दर वर्षी बोलावतात आणि दर वर्षी विचारतात. मी काय खोटं सांगू?"

'क्यूट' हा शब्द लॅबमध्ये चालत नसे. तो ज्याच्या तोंडून निघेल त्यानं फ्रीजरमधला बर्फ खरवडायचा. मेगन, आमची लॅब टेक्निशियन, गंमत म्हणून मुद्दाम 'क्यूट' म्हणायची आणि हसत हसत खरवडायला बसायची. मला तशी गंमत जमत नसे. मी घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली, आणि तेही थेट इतक्या लांब. मला प्रत्येक नियम खराच वाटायचा.

माझी मॅडमशी पहिली भेट व्हिडिओवर झाली होती. त्यांनी नाव विचारलं, मी आडनावासकट सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "गाव कुठलं? गावात राहायला कुठे?"

आम्हाला हा प्रश्न पाठ असतो. आडनावावरून कळलं नाही तर गाव, गावावरून नाही तर गल्ली. आम्ही बौद्ध. कोण कशासाठी विचारतंय ते आवाजावरून ओळखायची सवय लागलेली असते.  मी हळूच सांगितलं, गावाच्या कडेला.

"म्हणजे शेळ्या असतील," मॅडम खूश होऊन म्हणाल्या. "होत्या?"

"आजोबांकडे होत्या."

"शेळी विताना पाहिलीस?"

"हो. एकदा पिल्लू अडलं होतं, तेव्हा मी धरलं होतं."

"ये," त्या म्हणाल्या. इतकंच. नंतर कळलं, की ज्यानं जनावराला हात लावलाय त्याचा हात थेंब मोजून सोडायच्या पिपेटवर थरथरत नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. ते मत चुकीचं होतं. माझा हात थरथरायचाच.

आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी मला कामाला हात लावू दिला नाही. प्राणिसंग्रहालयात नेलं आणि कोआलाच्या कुंपणासमोर बाकावर बसवलं. "आधी पेशंट बघ," म्हणाल्या आणि स्वतः शेजारी बसून संत्रं सोलायला लागल्या. समोरची मादी खोडाच्या बेचक्यात झोपली होती. ती बराच वेळ हललीच नाही. मला वाटलं, आपण काहीतरी विचारायला हवं. मी म्हणाले, "खूप आळशी असतात ना?"

"गरीब असतात," मॅडम म्हणाल्या. "पाल्यात काही नसतं गं. जेवढं मिळतं तेवढ्यात भागवायचं, तर झोपायलाच लागतं." मग संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली. त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो.

हिरव्या खोलीबद्दल सांगायला हवं. आमच्या तपासणीत, म्हणजे पीसीआरमध्ये, विषाणूच्या एका बारीकशा तुकड्याच्या अगणित झेरॉक्स काढल्या जातात. एखादा तुकडा असला तरी तो दिसावा म्हणून. लाल खोलीत या झेरॉक्स काढलेल्या नळ्या उघडत. नळी उघडली की त्या प्रती डोळ्यांना न दिसता हवेत उडतात, हातमोज्याला, केसाला, बाहीला चिकटतात. त्यातली एक जरी हिरव्या खोलीत आली, जिथे नवे नमुने उघडतात, तरी निरोगी कोआलाही आजारी दिसायला लागतो. म्हणून चपला वेगळ्या, कोट वेगळे. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की जो आज लाल खोलीत गेला त्यानं आज हिरव्या खोलीत यायचं नाही. घरी जायचं, डोक्यावरून अंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायचे आणि उद्या यायचं.

हा नियम जगातल्या बऱ्याच लॅबमध्ये आहे. मॅडमच्या लॅबमध्ये तो मराठीत होता. हिरवी खोली म्हणजे 'सोवळ्याची'. लाल म्हणजे 'ओवळ्याची'. मेगनसुद्धा "आय ॲम ओवला टुडे" म्हणायची. नमुना बिघडला की मॅडम कॉरिडॉरमधून ओरडायच्या, "विटाळ झाला! सगळं टाका!" आणि मी खुर्ची ओढायला गेले तर, "शिवू नकोस गं, ओवळी आहेस तू आत्ता."

त्या मूळच्या मिरजेच्या. देवधर्म अजिबात करत नसत. एकादशीला मासे खायच्या. मेगन म्हणायची, शी डझन्ट बिलीव्ह इन गॉड, शी बिलीव्ज इन बाथ्स. खरंच होतं ते. त्यांच्या आईचं स्वयंपाकघर कसं होतं ते त्या हसत हसत सांगत, ओल्या लुगड्यातली आई, तिला चुकून हात लागला की तिनं पुन्हा अंघोळीला जाणं. "आम्ही हसायचो तिला," त्या म्हणायच्या, "पण पीसीआर करायला तीच हवी होती."

सगळे हसायचे. मीही हसायचे. पण नंतर खुर्ची ओढायला जाताना हात आपोआप मागे यायचा. पिपेट कसं धरायचं ते शिकवताना त्या म्हणाल्या, "वरून सोड. टेकवू नकोस. टोक नळीला लागलं की संपलं." मी वरून थेंब सोडला आणि मला आजोबा आठवले. त्यांच्या लहानपणी हॉटेलात त्यांच्या ओंजळीत असंच वरून पाणी सोडत. बाबा आता नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहेत, वॉल्व्ह उघडून अख्ख्या गावाला पाणी तेच सोडतात. हे मॅडमना सांगावं असं मला खूपदा वाटलं. पण त्यांनी वाईट हेतूनं 'विटाळ' हा शब्द एकदाही वापरला नव्हता. मग कुठून सुरुवात करायची? राहून गेलं.

आणि मॅडम मला आवडायच्या. हेही खरं.

रानातून आलेले नमुने त्या स्वतः उघडायच्या. "परक्याचं लेकरू आहे," म्हणायच्या. अशा दिवशी त्या सुती सलवार-कमीज घालून, ओले केस आवळून बांधून यायच्या. गळ्यात काळ्या दोरीला लावलेला जाड भिंगांचा चष्मा. तो सारखा नाकावरून घसरायचा आणि त्या बोटानं वर सारायच्या.

त्या वर्षी दक्षिणेकडच्या एका रानातले नमुने आले. उत्तरेकडच्या जवळजवळ सगळ्या कोआलांत घरजावई आहे, पण दक्षिणेत काही रानं वाचलेली आहेत. हे रान त्यातलंच, असं तिथल्या लोकांना वाटत होतं. दुसऱ्या भागात एक कोआलांचा दवाखाना होता. वणव्यातून आणि रस्त्यावरून उचललेले, बरे झालेले कोआला तिथे पिंजऱ्यांत होते. जखमा बऱ्या झालेल्या, पण अंगात विषाणू. त्यांना सोडायचं कुठे? नियम साधा होता. विषाणू असलेला प्राणी निरोगी रानात सोडायचा नाही. पण त्या रानात विषाणू आधीच पोचला असेल तर सोडायला हरकत नाही. तेवढ्यासाठी तपासणी होती.

सगळे नमुने स्वच्छ निघाले. एक सोडून. झेरॉक्स निघाल्या की त्या जेलच्या, म्हणजे एका पारदर्शक, लिबलिबीत वडीच्या फोटोत रेघ होऊन उमटतात, आणि एका मादीच्या जागी बारीक, फिकट रेघ दिसत होती.

मॅडमचा दुसरा मोठा नियम रिकाम्या नळीचा. प्रत्येक वेळी एका नळीत नुसतं पाणी ठेवायचं. "रिकामी नळी बोलली की समजायचं, आपण सगळे खोटं बोलतोय." त्या दिवशी रिकामी नळी गप्प होती. आम्ही त्याच मादीच्या काढून ठेवलेल्या डीएनएतून पुन्हा तपासणी केली. पुन्हा तीच फिकट रेघ.

"म्हणजे आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला. "गेलं हेही रान."

तिच्या मूळ रक्ताचा एकच थेंब, दुसऱ्या न उघडलेल्या नळीत, फ्रीजरमध्ये शिल्लक होता. तो वापरला की त्या मादीचं आमच्याकडे काहीच उरणार नव्हतं. ती परत सापडेल याची खात्री नव्हती. मॅडम म्हणाल्या, तो राहू दे, पुढे कधी लागेल. दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंशी व्हिडिओ कॉल होता, त्यात सांगून टाकू.

मी त्यांच्या शेजारी बसून जेलचा फोटो बघत होते. त्या वाकल्या, चष्मा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला दोरीवर, काडीच्या अगदी जवळ, एक निळा ठिपका दिसला.

तो निळा रंग मला माहीत होता. लाल खोलीत झेरॉक्स काढलेल्या नळ्यांत तो रंग मिसळतात, जेलमध्ये भरताना थेंब दिसावा म्हणून. तो दुसरीकडे कुठेच वापरत नाहीत. आणि मला आठवलं, गेल्या आठवड्यात मेगन रजेवर होती, जेल मॅडमनी स्वतः भरलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी रानाच्या नळ्या उघडल्या होत्या. मधे त्यांनी अंघोळ केली असणार. कपडे बदलले असणार. चपला तर बदलल्याच. हिरव्या खोलीत, माझ्या समोर, नवे हातमोजे घालून त्यांनी बोटानं चष्मा वर सारला होता आणि मग नळीचं झाकण उघडलं होतं.

मी उठले. बाहेर येऊन माझ्या रूममेटला फोन लावला. ती पुण्याची, सॉफ्टवेअरवाली, अडचणीत सल्ला देणारी.

"यार, तू वेडी आहेस का?" ती म्हणाली. "तुझा व्हिसा, तुझा फंड, तुझं रेकमेंडेशन, सगळं तिच्या सहीवर आहे. एक ठिपका बघून तू तिला सांगणार, की तुमच्यामुळे घाण झाली?"

"पण ते कोआला सोडतील ना गं तिथे."

"तुला शंभर टक्के माहितीये, की त्या ठिपक्यामुळेच झालं?"

"नाही."

"मग? तुला काय, कोआला येऊन थँक्यू म्हणणारेत?"

तिचं चूक नव्हतं. मला खात्री नव्हतीच. पण फोन ठेवल्यावर मला कुंपणामागची ती झोपलेली मादी दिसायला लागली. आणि मी गप्प राहिले तर काय होईल तेही दिसायला लागलं. पिंजऱ्याची दारं उघडतील, चांगल्या मनाच्या माणसांनी उघडलेली, आणि जे रान आजवर वाचलंय त्यात आम्ही आमच्या हातानं घरजावई नेऊन बसवू. मग तो निघणार नाही. कधीच.

लॅबमध्ये चहा प्यायची बंदी होती, म्हणून मॅडम पार्किंगमधल्या निलगिरीखाली उभ्या राहून चहा प्यायच्या. एक पान तोडायचं, चुरडायचं, नाकाशी धरायचं. "यांचा वरणभात," म्हणायच्या. मी गेले तेव्हा त्यांच्या बोटांत चुरडलेलं पान होतं.

"मॅडम, तुमचा चष्मा."

"काय झालं चष्म्याला?"

"दोरीवर डाग आहे. निळा."

त्यांनी चष्मा काढला, हातभर लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. "दिसत नाही मला. बघायला चष्माच लागणार." मग तो माझ्यापुढे केला. "तू सांग. जेलचा निळा?"

"हो."

त्या निळ्या रंगावरून त्यांना सगळं दिसलं असावं. मला पुढचं काही सांगायला लागलं नाही. चहाचा कप त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"आदल्या दिवशी लाल खोलीत होते मी."

"हो."

"अंघोळ केली होती गं."

"हो मॅडम."

"चष्म्याला कोण अंघोळ घालतं?" हे त्या मला विचारत नव्हत्या. जरा वेळानं म्हणाल्या, "केव्हा दिसलं तुला?"

"सकाळी."

"आणि आत्ता सांगतेस? कॉलला तासभर राहिलाय. कशाची भीती वाटली, माझी?"

मी 'हो' म्हणाले असते तर विषय संपला असता. पण माझ्या तोंडून दुसरंच गेलं. "मॅडम, तुम्ही लगेच म्हणाला असता, विटाळ झाला. तो शब्द कायम दुसऱ्यांनी आमच्या घराबद्दल वापरलाय. तो मी तुमच्याकडे घेऊन कशी येऊ, ते मला कळत नव्हतं."

एक गाडी पार्किंगमधून मागे आली, वळली, गेली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. चष्म्याशिवाय त्यांना माझा चेहरा नीट दिसत होता की नाही, कोण जाणे. मला वाटलं, संपलं. आता या काय म्हणतील? म्हणतील, आमच्या मनात तसं काही नसतं. सगळे तेच म्हणतात.

त्या तसं म्हणाल्या नाहीत. "तू किती दिवस ऐकत होतीस हे?" म्हणाल्या, आणि मी उत्तर द्यायच्या आधीच, "नको, सांगू नकोस. आल्यापासून ऐकते आहेस." मग कप उचलला, उरलेला चहा झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि चालायला लागल्या.

कॉलवर पलीकडे सकाळ होती. डॉक्टरबाईंच्या मागे भिंतीवर एका डोळ्यानं आंधळ्या झालेल्या मादीचा फोटो होता. मॅडमनी एकही प्रस्तावना केली नाही. एक फिकट रेघ आली आहे, म्हणाल्या, आणि ती बहुतेक माझ्या चष्म्यातून आली आहे. उद्या शेवटचा थेंब तपासतो. तोवर कुणालाही सोडू नका.

डॉक्टरबाईंना आधी कळलंच नाही. "युअर ग्लासेस?"

"माय ग्लासेस," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मग म्हणाल्या, पिंजरे भरलेत, उन्हाळा येतोय, वणवे सुरू झाले की नवे येतील, त्यांना ठेवू कुठे? त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. मॅडम मान खाली घालून ऐकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाऊन लॅबमध्ये आले. मॅडम हिरव्या दाराबाहेर स्टुलावर बसल्या होत्या. चष्मा नव्हता, हात मांडीवर.

"तू कर," म्हणाल्या. "मी बाहेर थांबते."

"मॅडम, माझा हात थरथरतो."

"माहितीये. शेळ्यांचं माझं मत चुकलंच. तरी तूच कर."

मी हिरव्या चपला घातल्या. दाराला छोटी काच होती. तिच्यातून मॅडम दिसत होत्या, पण त्यांना मी म्हणजे नुसता एक पांढरा ढग दिसत असणार. शेवटचा थेंब काळपट, सुकत आलेला होता. मी पिपेट उचललं आणि माझा श्वास मलाच ऐकू यायला लागला.

बाहेरून आवाज आला, "टेकवलं नाहीस ना?"

"नाही."

"वरूनच सोड."

"हो, मॅडम."

मी टोक नळीच्या वर धरलं. मग पुन्हा, अगदी हळू, "घाई नाही गं."

त्या दिवशी लाल खोलीत मेगन गेली. संध्याकाळी तिनं फोटो आणून टेबलावर ठेवला. मादीच्या जागी काही नव्हतं. रिकामी नळी गप्प होती. मेगन टाळ्या वाजवायला लागली. मॅडमनी तिला थांबवलं. "थेंब फार लहान होता," म्हणाल्या. मग मला सांगितलं, "लिही, की सापडला नाही. 'विषाणू नाही' असं लिहू नकोस."

ते रान बंद राहिलं. दवाखान्यातल्या काही कोआलांना दुसरीकडे, जिथे आजार आधीच होता, तिथे जागा मिळाली. सगळ्यांना नाही. ज्यांना मिळाली नाही त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही, आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही. अजून कधीकधी वाटतं, आम्ही बरोबर होतो ना? तो थेंब खरंच निरोगी होता, की नुसताच अपुरा होता?

पुढच्या आठवड्यात दोन्ही दारांशी खिळे आले. हिरव्या दाराशी हिरव्या दोरीचा चष्मा, लाल दाराशी लाल दोरीचा. मॅडम कुठेही जाताना चष्मा बदलायच्या आणि तिसरा, घरचा, कायम हरवायच्या. त्यांचं बोलणंही बदललं, पण एकदम नाही. इतक्या वर्षांची सवय. "आज कोण सोव—" म्हणून थांबायच्या, तोंड वाकडं करायच्या आणि म्हणायच्या, "हिरव्या खोलीत कोण आहे आज?" मेगनला काही कळेना. ती बिचारी अजून "आय ॲम ओवला" म्हणायची. मॅडमनी तिला बाजूला नेऊन काहीतरी बराच वेळ समजावलं. काय ते मला दोघींनीही सांगितलं नाही. पण त्यानंतर मेगननं एक दिवस मला विचारलं, "तुझे बाबा काय करतात?" मी म्हणाले, "गावाला पाणी सोडतात." दाराशी उभ्या असलेल्या मॅडम चष्मा बदलता बदलता थांबल्या आणि मग आत गेल्या.

आता त्या निवृत्त झाल्यात. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला मुलीकडे असतात. तिथे निलगिरी नाही, ही त्यांची मोठी तक्रार आहे. दुकानातून निलगिरीचं तेल आणून हुंगतात आणि म्हणतात, वासात वरणभात नाही, नुसती सर्दी आहे.

हिरवी खोली आता माझ्याकडे आहे. त्या रानातून दर वर्षी नवे नमुने येतात. खोकं येणार असं कळलं की माझी झोप उडते. आज ते आलं. झाकण उघडल्यावर कोरड्या बर्फाचा धूर टेबलावरून खाली सांडला, आणि तेवढ्यात फोन वाजला. मॅडमना कोण कळवतं कोण जाणे. बहुधा मेगन.

"आलं खोकं?"

"आलं."

"त्यात ती मादी आहे का?"

"तीच की दुसरी, सांगता येत नाही. पण त्याच झाडांमधली आहे. पाठीवर पिल्लू होतं, असं लिहिलंय."

"पिल्लू," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग, "चष्मा?"

"मला नाही अजून, मॅडम."

"लागेल. अंघोळ?"

"झाली."

"आत कोण जाणार आहे?"

"मीच."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मी बाहेर थांबते."

मला वाटलं, त्या फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि मागे त्यांच्या नातवंडाचा कार्टून बघण्याचा. मी स्पीकर चालू केला, फोन दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवला, हिरव्या चपला घातल्या आणि आत गेले.